टेंभखारला गरजू मिळेना

टेंभखार गावात एकही गरजू माणूस राहत नाही, ही गंभीर बाब ओस्टरव्हील ग्लोबल लॉजिस्टिक्स कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागाच्या निदर्शनास चौदा जानेवारी रोजी दुपारी आली. विभाग त्या वेळी गावच्या समाजमंदिराच्या पायरीवर बसून तिळगूळ खात होता. विभागाचं नाव किशोरी ताम्हणे. विभागात दुसरं कोणी नव्हतं.

पनवेलहून न्हावा शेव्याकडे जाताना निळ्या कंटेनरांचे डोंगर लागतात, ते ओस्टरव्हीलचं यार्ड. मुख्यालय युरोपातल्या एका थंड शहरात. कंपनीला भारतात नफा होतो, आणि नफा झाला की त्यातले दोन टक्के समाजावर खर्च करावेत असा आपल्याकडे कायदा आहे. मुख्यालयाला हा कायदा फार आवडला होता, कारण त्यांच्या वार्षिक अहवालात बाराव्या पानावर एका हसऱ्या गरजूचा फोटो लागतो आणि तिकडे थंडीमुळे कोणी हसत नाही. तेव्हा एकतीस मार्चच्या आत गरजू शोधायचा, त्याचं कल्याण करायचं, फोटो काढायचा आणि गावच्या प्रमुखाची सही असलेलं ‘लाभार्थी समाधानपत्र’ पाठवायचं, एवढंच किशोरीचं काम होतं. पत्र पोचलं की तिची नोकरी कायम होणार होती. नाही पोचलं तर ती एक एप्रिलला खांदा कॉलनीतल्या आपल्या घरी दिवसभर बसायला मोकळी होती.

तिच्यासमोर बसलेले बळीराम घरत हे ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष. सही त्यांचीच लागणार होती. त्यांच्या गळ्यात जी साखळी होती तिने छोटी होडी बांधता आली असती.

“घर कच्चं की पक्कं?” किशोरीने मुख्यालयाचा छापील नमुना उघडला.

“कुठचा? गावचा की पनवेलचा?”

“राहतं घर.”

“दोनी ठिकानी रातो आमी.”

किशोरीने ‘स्थलांतरित’ या रकान्यात खूण केली. “घरात शौचालय आहे?”

“पाच हायत. पाव्हन्यांचा येगला.” मग बळीरामशेठना सहज आठवलं. “तुमचे यार्डान किती?”

“एक.”

“बायांना येगला?”

किशोरीने पेन खाली ठेवलं. “नाही.”

“मंग तुमी जाताव कुठं?”

“पेट्रोल पंपावर.”

आतून तिळगुळाचं दुसरं ताट घेऊन सोनाबाई येत होत्या. त्या बळीरामशेठच्या आई आणि महिला मंडळाच्या तहहयात अध्यक्षा. त्या दारातच थांबल्या. “आगो बाय माजे! आनी तू आमाला इचारतेस? उद्यापासून आमचेकडं येत जा. वरचे मजल्यावरचा घे, त्याला गरम पानी हाय.”

अशा रीतीने सर्वेक्षणाच्या पहिल्याच दिवशी जो काही लाभ झाला तो विभागाला झाला. गावातल्या बाकीच्या घरांत फरक एवढाच पडला की कुणाच्या गाड्या दोन होत्या, कुणाच्या चार. ज्याच्याकडे एकच गाडी होती तो काशिराम मात्र थोडा आशादायक वाटला. पण तो बारा खोल्यांच्या चाळीचा मालक निघाला.

“बळीरामशेठ, गावाला काहीतरी हवं असेलच ना?” किशोरी काकुळतीला आली.

“हाय ना. एकच पायजे.” त्यांनी हात लांब करून रस्ता दाखवला. “ते ट्रेलर हटवा.”

हायवेपासून गावापर्यंतच्या दीड किलोमीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना यार्डाचे ट्रेलर उभे असत. यार्ड भरलं की बाहेर रांग लागे, आणि यार्ड नेहमीच भरलेलं असे. मधून एक रिक्षा जाई. समोरून दुसरी आली तर दोघांतल्या वयाने लहान असलेल्या रिक्षावाल्याने मागे जायचं, असा गावाने तोडगा काढला होता.

“अठ्ठावीस मार्चला आमचे रमाचा लगीन हाय,” बळीरामशेठ म्हणाले. “उरनवरनं वऱ्हाड येनार. चाळीस गाड्या, वर ब्यांजोचा टेम्पो. कसा आत येल? नवरदेव काय टपावरनं उड्या मारीत येल? रस्ता मोकला करा म्याडम, तुमचे पत्रावर सही करतो. पायजे तर दोन करतो.”

मागणी एक होती, फुकटातली होती आणि स्पष्ट होती. किशोरी आनंदाने बेलापूरच्या कचेरीत गेली. तिथे काचेच्या केबिनमध्ये कंपनीचे भारतप्रमुख मितेश गाला बसत.

“सर, त्यांना फक्त ट्रेलर हलवून हवेत.”

“ते ट्रेलर आपले नाहीत, किशोरी. कॉन्ट्रॅक्टरचे आहेत.”

“कॉन्ट्रॅक्टरला विचारलं. तो म्हणतो सब-कॉन्ट्रॅक्टरचे. तो म्हणतो ड्रायव्हरांचे. ड्रायव्हर म्हणतात बँकेचे.”

“मग बँकेचं सीएसआर बघेल ना ते!” मितेश सर मोकळे झाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघ, ट्रेलर म्हणजे आपला बिझनेस. बिझनेसच्या कामाला सीएसआरचा पैसा लावता येत नाही. इल्लीगल आहे.”

“मग बिझनेसच्या पैशातून हलवू.”

“अगं, बिझनेसमध्ये समाजकार्याला बजेट कुठून असणार?”

किशोरीला मुद्दा समजला. कंपनीपासून होणारा त्रास हा धंद्याचा भाग आणि कंपनीपासून होणारा उपकार हा सामाजिक उत्तरदायित्वाचा भाग. दोन्ही खाती आपापल्या जागी मन लावून काम करत होती. एकाने दुसऱ्याच्या कामात लुडबुड केली असती तर दोघांचीही कार्यक्षमता घटली असती.

“त्यांना दुसरं काहीतरी दे,” मितेश सर म्हणाले. “शिलाई मशीन दे. शिलाई मशीन कोणालाही चालतं.”

चाळीस शिलाई यंत्रं दिली गेली. समाजमंदिरात समारंभ झाला. जिल्ह्यात तीन शोरूम असलेल्या रंजिता भोईरनेही आपलं यंत्र दोन्ही हातांनी नम्रपणे स्वीकारलं. आलेल्या वस्तूला नाही म्हणणं गावात अपमानाचं समजतात. पण टेंभखारची आणखी एक रीत आहे आणि ती कंपनीच्या कुठल्याही नमुन्यात नव्हती. तिथे घेतलेला आहेर परत करायचा असतो, आणि नुसता नाही, वर भर घालून. भर न घालता आहेर परत करणाऱ्याचं नाव गावात निघतं. मुळीच परत न करणाऱ्याचं नाव कोणी काढत नाही, कारण तसा माणूस अजून जन्मलेला नाही.

आठव्या दिवशी सकाळी यार्डाच्या फाटकावर ब्यांजो वाजू लागला. पुढे सोनाबाई, मागे नऊवारीतलं सगळं महिला मंडळ, आणि त्यांच्या मागे दोन टेम्पो. बासष्ट कर्मचाऱ्यांना प्रत्येकी पैठणी किंवा सफारीचं कापड, चांदीची समई आणि पाच किलो तांदूळ. सुरक्षारक्षक जगन याला फेटा बांधण्यात आला. त्याने नोंदवहीत ‘आत येण्याचे कारण’ या रकान्यात ‘प्रेम’ असं लिहिलं.

कंपनीच्या नियमानुसार बाहेरून भेट आली की मुख्यालयाच्या सचोटी विभागाला कळवावं लागतं. किशोरीने बासष्ट समयांची यादी पाठवली. उलट टपाली प्रश्न आला : लाभार्थ्यांनी आपल्याला ही लाच नेमकी कोणत्या कामासाठी दिली आहे?

बराच विचार करून किशोरीने लिहिलं : रस्त्यावरचे ट्रेलर हलवण्यासाठी.

मुख्यालयाने विचारलं : काम झालं का?

किशोरीने लिहिलं : नाही.

मुख्यालयाने लिहिलं : अभिनंदन. कंपनीची सचोटी अबाधित आहे.

मात्र लेखापरीक्षकांनी वेगळीच अडचण काढली. दिलं त्यापेक्षा आलं जास्त होतं. म्हणजे या वर्षी कंपनीने समाजाचं केलेलं कल्याण शून्याच्याही खाली गेलं होतं. “पटकन मोठं काहीतरी दे,” मितेश सर फोनवर ओरडले. “आणि त्यांना सांग, परत काही आणू नका!”

“सांगितलं सर. ते म्हणाले, आमाला काय भिकारी समजता?”

कंपनीने गावाला पाणी शुद्ध करण्याचं मोठं यंत्र दिलं. त्यावर भर घालायची म्हणून ग्रामस्थ मंडळाने ठराव केला की, यंत्र ज्यांच्या कंपनीचं त्यांच्या उपाशी ड्रायव्हरांना तीन दिवस पंगत. तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं कालवण, तळलेल्या मांदेली, वर सोलकढी. पंजाब, बिहार, तामिळनाडू अशा सर्व दिशांचे ड्रायव्हर समाजमंदिरात मांडी घालून जेवले. एकाने सोनाबाईंच्या पायाला हात लावून त्यांना ‘माताजी’ म्हटलं. सोनाबाईंनी त्याला आणखी दोन भाकऱ्या वाढल्या. राष्ट्रीय एकात्मतेचं इतकं पोटभर दर्शन पनवेल तालुक्यात पूर्वी झालं नव्हतं.

परिणाम व्हायचा तो झाला. बातमी हायवेभर पसरली. ज्यांना न्हावा शेव्याला सरळ जायचं होतं तेही टेंभखारच्या रस्त्याला वळू लागले. नव्वद ट्रेलर होते ते एकशे चाळीस झाले. तीन दिवस संपल्यावरही कोणी हलेना, कारण महिला मंडळाकडे ‘बंद करा’ म्हणण्याची पद्धत नव्हती. रिक्षांचा वयाचा तोडगाही मोडीत निघाला, कारण आता मागे जायलाही जागा उरली नव्हती.

मार्चची दहा तारीख आली. रमाच्या लग्नाला अठरा दिवस राहिले.

मुख्यालयाला वाटलं की गावाची खरी गरज शास्त्रीय पद्धतीने शोधायला हवी. गुरुग्रामहून एक सल्लागार संस्था आली. तिने गावाचा ड्रोनवरून अभ्यास केला, कारण रस्त्यावरून येता येत नव्हतं. दीडशे पानी अहवालाचा निष्कर्ष असा : गावात ट्रेलर जास्त नाहीत, ग्रामस्थांमध्ये ट्रेलर सहन करण्याची क्षमता कमी आहे. ट्रेलर हलवणं कायद्यात बसत नाही, पण क्षमता वाढवणं बसतं.

म्हणून ‘वाहतूक-सहिष्णुता शिबिर’ ठरलं. कर्कश हॉर्न वाजताना श्वास खोल कसा घ्यावा, धूर आत जात असताना मन वर्तमानात कसं ठेवावं, असा तीन तासांचा कार्यक्रम. शिकवायला पुण्याहून एक शांत गृहस्थ येणार होते. सकाळी दहाची वेळ होती. गावकरी नऊला येऊन सतरंजीवर बसले. दोन वाजता ते गृहस्थ चालत आले. गाडी कळंबोलीपासूनच अडकत आली होती आणि शेवटचा दीड किलोमीटर त्यांनी ट्रेलरांच्या मधल्या फटीतून आडवं होऊन पार केला होता. कुर्त्याला ग्रीस लागलं होतं. माइक हातात घेऊन त्यांनी कंपनी, ड्रायव्हर, सरकार आणि आपला प्रवास ठरवणारा माणूस यांच्याबद्दल पंधरा मिनिटं जे उद्गार काढले, ते ऐकून समाजमंदिरात प्रथमच पूर्ण शांतता पसरली.

“मास्तर आपलेच हायत,” सोनाबाई म्हणाल्या आणि त्यांना ताक आणायला उठल्या.

शिबिर यशस्वी झाल्याची नोंद झाली. संध्याकाळी बळीरामशेठ किशोरीला म्हणाले, “म्याडम, तुमी पोरगी चांगली हाव. पन पत्रावर सही नाय जमनार. माजे पोरीचा वऱ्हाड ड्रोनवरनं येनार नाय.”

किशोरीला स्वतःच्या नोकरीपेक्षा या वेळी चाळीस गाड्यांचंच वाईट वाटलं. त्या घरचं गरम पाणी ती दोन महिने वापरत होती.

“शेठ, खरं सांगू? कंपनीने ट्रेलर हलवले तर तो धंदा होतो. म्हणून कंपनीला हलवता येत नाहीत.” ती दमून बोलून गेली, “दुसऱ्या कोणी हलवले असते तर ते समाजकार्य झालं असतं.”

बळीरामशेठनी साखळी चाचपली. विचार करताना ते नेहमी असं करत.

“दुसऱ्या कोनी मंजे?”

“म्हणजे कोणीही. ज्याला एखाद्या गरजूची दया येते असा कोणीही.”

“तुमचा तो कागद हाय?”

“कुठला?”

“शौचालयाचा.”

दुसऱ्या दिवशी ग्रामस्थ मंडळाचे पाच सदस्य यार्डात गेले आणि त्यांनी कंपनीचं सर्वेक्षण केलं. मितेश सरांना बेलापूरहून बोलावून घेतलं होतं.

“जागा सोताची?”

“लीजवर आहे,” मितेश सर म्हणाले.

“कोनाकडनं?”

“तुमच्याकडूनच ना, शेठ.”

“लिही काशिराम, बेघर. प्यायचा पानी?”

“टँकर येतो.”

“कोनाचा?”

“माजाच,” काशिराम लिहिता लिहिता म्हणाला.

“बायांना शौचालय?” सोनाबाईंनी विचारलं.

मितेश सरांनी किशोरीकडे पाहिलं. किशोरी छताकडे पाहत होती.

“लिही, नाय. गाड्या लावाया जागा?”

“नाही.”

“कमावते किती?”

“बासष्ट.”

“निर्नय कोन घेतो?”

“तसा… तिकडे, मुख्यालयात.”

सोनाबाईंना भरून आलं. “आरं देवा. लेकरू इतका मोठा झाला, पन सोताचे मनानं एक गाडी हलवता येत नाय.”

सर्व निकषांवर कंपनी अतिगरजू ठरली. ग्रामस्थ मंडळाने एकमताने कंपनी दत्तक घेतली आणि तिच्या वाहनांसाठी गावाबाहेरची पाच एकर जागा कायमची वापरायला दिली.

ही जागा म्हणजे गावचं क्रिकेटचं मैदान होतं. पनवेल-उरण पट्ट्यात क्रिकेटच्या मैदानाचं मोल ज्याला ठाऊक आहे त्यालाच हा त्याग कळेल. तिथे दर वर्षी टेनिस बॉलचे सामने होत आणि मालिकावीराला मोटारसायकल मिळे. ठरावाच्या दिवशी तरुण मंडळींनी खेळपट्टीभोवती उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली. यष्टिरक्षक दीपेश याला सावरायला तिघे लागले. पण प्रश्न गावच्या मुलीच्या वऱ्हाडाचा होता.

मितेश सरांना कायदेशीर सल्ला मिळाला : धंद्याला फुकट पार्किंग मिळत असेल तर तो धंदाच आहे, घ्यावं. पंचवीस मार्चला समारंभ झाला. रीतीप्रमाणे लाभार्थ्याला व्यासपीठाखाली पहिल्या रांगेत दीड तास बसवून ठेवलं. मग नाव पुकारलं. मितेश सरांना शाल, नारळ आणि थर्माकोलची चार फुटी किल्ली देण्यात आली. लाभ घेतल्याने आपल्या जीवनात काय बदल झाला, यावर त्यांनी दोन शब्द बोलावेत, असा आग्रह झाला. ते घाबरत घाबरत म्हणाले, “मला फार बरं वाटतंय.” टाळ्या पडल्या. फोटोग्राफर म्हणाला, “साहेब, जरा हसा. गरजू दिसलं पायजे.” ते हसले, आणि इतके खरे हसले की आजवरच्या कुठल्याही लाभार्थ्याला ते जमलं नव्हतं.

महिला मंडळाने पंगत मैदानाच्या कडेला नेली, आणि सत्तावीसच्या संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस ट्रेलर मैदानात गेले. लाँग ऑनला बारा, पॉइंटला नऊ आणि स्लिपमध्ये चेन्नईहून आलेला एक. अठ्ठावीसला वऱ्हाड थेट मांडवाच्या दारात उतरलं. ब्यांजोच्या टेम्पोला वळायलासुद्धा जागा मिळाली. बासष्ट कर्मचारी सफारीत आणि पैठण्यांत आले होते. रमाला कंपनीतर्फे आहेर म्हणून शिलाई यंत्र मिळालं.

बळीरामशेठनी शब्द पाळला. मांडवातच त्यांनी किशोरीच्या पत्रावर सही केली. फक्त ‘लाभार्थी’ हा शब्द खोडून त्यांनी ‘दाता’ लिहिला आणि लाभार्थ्याच्या जागी मितेश सरांकडून सही घेतली. मुख्यालय हे पत्र वाचून गहिवरलं. एका गावाला अवघ्या अडीच महिन्यांत इतकं सक्षम केलं की ते उलट आंतरराष्ट्रीय कंपनीला पोसू लागलं, असं जगात कुठेही घडलं नव्हतं. बाराव्या पानावर मितेश सरांचा फोटो लागला. अहवालाला एक मोठं पारितोषिक मिळालं.

किशोरीला पत्र आलं ते वेगळं. कंपनी आता स्वतःच लाभार्थी या वर्गात मोडत असल्याने तिला सामाजिक उत्तरदायित्व विभागाची आवश्यकता उरलेली नाही, सबब विभाग एक एप्रिलपासून बंद.

ते पत्र घेऊन ती टेंभखारला गेली. सोनाबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, न वाचता घडी घातली आणि तिला जेवायला बसवलं. बळीरामशेठ म्हणाले, “बरा झाला. आमालाच मानूस पायजे होता.” आणि टेंभखार ग्रामस्थ मंडळाच्या सामाजिक उत्तरदायित्व अधिकारी म्हणून किशोरी त्याच पंगतीत कायम झाली.

गावाला या कामाची आता गोडी लागली आहे. कंपनी एकच होती, ती उजवून झाली. नवे गरजू हवेत. ते कुठे मिळतील याचा अभ्यास किशोरीने केला, तेव्हा त्यांची एवढी दाट वस्ती शेजारीच असल्याचं पाहून मंडळ चकित झालं. विचुंब्यापासून पुढे जिथवर नजर जाते तिथवर वीस-वीस मजल्यांचे टॉवर आहेत. त्यांतल्या माणसांना घर आहे, पण ते वीस वर्षं बँकेचं आहे. खिडकी आहे, पण ती समोरच्याच्या स्वयंपाकघरात उघडते. शेजारी आहेत, पण त्यांचं नाव दारावरच्या पाटीवरून वाचावं लागतं. आणि संध्याकाळी दमून घरी आल्यावर ही माणसं मोबाईलवरून जेवण मागवताना एका चौकोनात खूण करून कुठल्यातरी लांबच्या मुलाला पाच रुपये देतात आणि समाधानाने जेवतात. सोनाबाईंनी ही टिपणं वाचून घेतली आणि बराच वेळ डोळ्यांना पदर लावला.

येत्या रविवारपासून मंडळ दारोदार फिरणार आहे. आपली बेल वाजली आणि बाहेर जाड साखळी घातलेला एक गृहस्थ, एक म्हातारी आणि हातात नमुना घेतलेली एक बाई दिसली, तर कृपया साखळी लावून दार अर्धवट उघडू नये. कागदपत्रं काही लागत नाहीत. तुमची पात्रता त्यांनी खालून, इमारतीकडे पाहूनच ठरवलेली असेल. तुम्ही फक्त हसायचं आहे. फोटो काढतात.